खोटा हिसका

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. अंबाडीच्या वाखाचा, तीन पेडांचा, अंगठ्याहून जाड. आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसलात ते ठीक आहे, पण मनापासून बसलात की बाईंनी बसवलं म्हणून बसलात, हे मला काय ठाऊक? दोराला संशयी असावंच लागतं हो. ज्या झाडाला बांधलं ते मुळात हलतंय का, गाठ मारणाऱ्याचं लक्ष होतं का, दगडाची धार कुठे लागतेय, हे सगळं लटकणाऱ्या माणसाच्या आधी मला बघावं लागतं. माझ्या जागी एखादा भोळा दोर असता, तर खापरच्या गुहा मंडळातली बरीच माणसं आज भिंतीवर हार घालून टांगलेली दिसली असती.

मला भुरीबाईंनी वळलं. अंबाडी कुजवायची, झोडपायची, तिचा वाख काढायचा, तो विंचरायचा आणि मग पीळ घालत बसायचं, हे त्यांचं काम. कुठे पीळ सैल राहिला की त्या तेवढा भाग पुन्हा उलगडायच्या आणि मला चार शिव्या घालायच्या. चूक त्यांची आणि शिव्या मला! पण त्या शिव्यांमुळेच मी टिकलो, हे कबूल करायला हवं.

खापरच्या बाजारात मगन पाटलांनी मला घेतलं. तेव्हा ते तरणेताठे होते, शेती करायचे, आणि उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायला त्यांना दोर लागायचा. त्यांनी मला हातात घेतलं, बोटांनी पेड न् पेड चाचपला, वास घेतला, मग शेजारच्या कडुलिंबाच्या फांदीला अडकवून स्वतः लटकून पाहिलं. भुरीबाई चिडल्या, म्हणाल्या, विश्वास नसेल तर नको घेऊस. मगननी काही ऐकलं नाही. पुन्हा एकदा लटकले. मला तर माणूस तिथेच पसंत पडला.

विहिरींची कामं चालली होती, तेवढ्यात एक दिवस डोंगरात कोणाची तरी शेळी भुईतल्या एका भोकात पडली. डोंगर म्हणजे खापरच्या पलीकडचा, साग आणि महूच्या झाडांचा. त्या भोकातून वारा यायचा, उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट, म्हणून सगळे त्याला फुंकणी म्हणायचे. चुलीची फुंकणी असते ना, तीच. लोकांनी मगनला दोर घेऊन बोलावलं. पण भोकाचं तोंड चिंचोळं, आणि मगनचं अंग दांडगं. तेव्हा तमाशा बघायला आलेल्यांपैकी एक जण पुढे झाला. जेठमल त्याचं नाव. खापरात त्याचं किराणा दुकान, घराणं मूळचं राजस्थानचं, माणूस काडीसारखा बारीक आणि तोंडाने सतत चालू. मी उतरतो, म्हणाला. मला भारी संशय आला. दुकान सोडून डोंगरात शेळी बघायला आलेल्या माणसाच्या गाठीवर कोण विश्वास ठेवील? मगननाही आला असावा, कारण त्यांनी जेठमलच्या कमरेची गाठ सोडली आणि स्वतः पुन्हा मारली.

शेळी वर आली. मागून जेठमल आला. त्याच्या डोळ्यांत असं काही दिसत होतं, की आता हा माणूस दुकानात नीट बसायचा नाही हे मी तेव्हाच ओळखलं. आणि तसंच झालं. दर रविवारी दुकान भावावर टाकून जेठमल फुंकणीत उतरायला लागला, आणि मगन तोंडावर बसायला लागले.

मित्रांनो, तोंडावर बसणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण माझी सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. गुहेत उतरणाऱ्याच्या कमरेला माझं एक टोक असायचं, आणि दुसरं टोक तोंडावर बसलेल्या माणसाच्या हातात. आतला आवाज बाहेर येत नाही. म्हणून सगळं बोलणं माझ्यातून. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे ओढ, आणि जीव लावून ओढ. वरच्याने तोच हिसका परत द्यायचा, म्हणजे खालच्याला कळतं की ऐकलं. आतला शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत तोंडावरच्याने उठायचं नाही. तंबाखू नाही, जेवण नाही, कोणाशी गप्पा नाहीत. आणि हिसका कधी गंमत म्हणून द्यायचा नाही. हा नियम जेठमल आणि मगननी कोणाला शिकवताना इतका घोकून घेतला, की मंडळात नव्याने आलेला प्राणी आधी हिसके शिकायचा आणि मग गुहा बघायचा.

हो, पुढे मंडळ झालं. शाळामास्तर आले, एसटीतले आले, डोंगरातल्या पाड्यांवरचे आले. त्यांनी पुढे आणखीही गुहा धुंडाळल्या, पण सगळ्यांचं मन फुंकणीतच. पेपरात फोटो आला. नंदुरबारला बोलावून जेठमल आणि मगनला शाली दिल्या. मी त्या फोटोत कोपऱ्यात वेटोळं होऊन पडलोय, आणि माझ्यावर कोणीतरी पिशवी ठेवली आहे. कौतुक मलाही आवडलं असतं, खोटं कशाला बोलू? पण मगन मला दर खेपेनंतर स्वतः पुसायचे, उन्हात नाही तर सावलीत वाळवायचे, उंदीर लागू नयेत म्हणून लिंबाचा पाला घालून ठेवायचे. एवढं कोण करतं?

मग रंगीत दोर आले. गुळगुळीत, शहरातून मागवलेले, त्यांच्याबरोबर लोखंडी कड्या आणि पट्टे. त्या कड्यांवरून माणूस आपला आपण उतरतो, आपला आपण चढतो. तोंडावर कोणी बसायची गरज राहिली नाही. मगन आता सगळ्यांचे मगनआबा झाले होते. जेठमलशेठचे गुडघे गेले होते. मी आबांच्या ओसरीवर खुंटीला लटकत राहिलो. लिंबाचा पाला कधी बदलला जायचा, कधी नाही. एका पावसाळ्यात उंदरांनी माझा एक पेड कुरतडून पाहिला. रंगीत दोरांबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण त्यांच्या गुळगुळीतपणाचा मला अजूनही भरवसा वाटत नाही.

गेल्या वर्षी जेठमलशेठ वारले. आबा त्या दिवशी ओसरीवर माझ्याखाली बसून राहिले. त्यांचे हात त्याच्या आधीपासूनच कापायला लागले होते. चहाचा कप धरला की बशी वाजायची.

आणि इथून माझा संशय सुरू झाला.

कारण जेठमलशेठ गेल्यावर मंडळातली तरुण माणसं आबांच्या घरी फार यायला लागली. भूपेश यायचा. तो आता मंडळाचा म्होरक्या, विसरवाडीच्या फाट्यावर त्याचं गॅरेज. तो आबांना जीपमधून चिंचपाड्याच्या दवाखान्यात घेऊन जायचा, हात दाखवायला, डोळे दाखवायला. रूपाली यायची. ती आश्रमशाळेत शिकवते. ती आबांच्या कानातल्या मशीनचे सेल बदलून द्यायची आणि भिकुबाईंना, म्हणजे आबांच्या घरच्यांना, भाकरी थापायला लागायची. मयंक यायचा. हा जेठमलशेठचा नातू, आता दुकान तोच बघतो. तो कधी रिकाम्या हाताने आला नाही. कधी शेव, कधी खजूर. आता मला सांगा, एवढा गोडवा कशासाठी? स्वतःच्या पोरांनासुद्धा आईबापांकडे यायला सवड नसते, आणि ही तीन माणसं पाळी लावल्यासारखी येतात! मी खुंटीवरून सगळं बघत होतो. मनात म्हटलं, काहीतरी घ्यायला आलेत. आबांकडे घेण्यासारखं काय आहे? जमीन पोरांच्या नावावर. राहिलो मी.

आणि बघा, झालंही तसंच. एकदा आबा आत झोपले होते. भूपेशने मला खुंटीवरून काढलं. वीतवीत चाचपलं, पेड उघडून आत बघितलं, उंदराने कुरतडलेल्या जागी नख लावलं. मयंक बाजूला उभा. भूपेशने मान हलवली. मग दोघं हळू बोलायला लागले. मला सगळं ऐकू आलं नाही, पण मयंकचं एक वाक्य आलं. आबांना कळता कामा नये, म्हणाला, नाहीतर जिवाला लावून घेतील.

संपलं! मी मनाशी पक्कं केलं, की हे मला नेऊन कुठल्या तरी काचेच्या पेटीत घालणार. नाहीतर तुकडे करून सत्कारात वाटणार. आबांना सांगावं म्हटलं तर दोराला तोंड कुठलं? खुंटीवर परत टांगल्यावर मी पीळ घट्ट करून बसलो, दुसरं काय करणार?

थंडीत जेठमलशेठच्या वर्षश्राद्धाचा दिवस आला. मंडळाने ठरवलं, की त्या दिवशी फुंकणीवर जायचं, प्रत्येकाने शेठची एकेक आठवण सांगायची आणि मग आत उतरायचं. आणि तोंडावर बसायचं ते आबांनी. जुन्या पद्धतीने, जुना दोर घेऊन. भूपेशने येऊन हे सांगितलं तेव्हा आबांनी वर खुंटीकडे, माझ्याकडे पाहिलं. भिकुबाई म्हणाल्या, ह्यांचे हात बघितलेत का? भूपेश म्हणाला, मावशी, आम्ही आहोत. आबांनी मान डोलावली आणि मला खुंटीवरून काढून सावलीत पसरलं. माझा संशय दुप्पट झाला. कालपर्यंत गुपचूप चाचपणारी माणसं आज आबांच्या हातात मला का देतायत?

त्या दिवशी जीप डोंगरापर्यंत गेली, पुढे आबा हळूहळू चालत गेले. फुंकणीच्या तोंडातून कोमट वाफ येत होती. आठवणी सांगून झाल्या. मग तयारी सुरू झाली, आणि मी बघितलं की भूपेशने आपल्या पिशवीतून रंगीत दोर काढून मागच्या सागाला बांधला. जास्तीचा म्हणून असू दे, म्हणाला. आबा उठले, त्या सागाभोवती फिरून आले, गाठीवर हात फिरवला आणि परत येऊन तोंडावरच्या दगडावर बसले. मला वाटलं, सवय आहे म्हातारबाची. भूपेश आणि मयंक त्या दोरावरून खाली गेले. माझं टोक रूपालीच्या कमरेला होतं. तीही उतरली, पण रंगीत दोरावरूनच. माझ्यावर तिने भार टाकलाच नाही.

खाली पहिली खोली आहे. धान्याच्या कोठीएवढी, चिखलाची. तिथून एक सरपटत जायची वाट आहे, आणि तिच्या पलीकडे फुंकणीचा खरा भाग. भूपेश आणि मयंक त्या वाटेने गेले. रूपाली गेली नाही. तिने कमरेची गाठ सोडली, एका दगडावर बसली आणि माझं टोक मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने तिने दोन हिसके दिले. वर आबांनी दोन हिसके परत दिले आणि दोर सोडला. मी तिच्या पायाशी वेटोळं होऊन पडलो. पुन्हा दोन हिसके, पुन्हा वेटोळं.

तेव्हा मला उमगलं. मला न्यायचं नव्हतं त्यांना. मी माणसाचा भार घेण्याजोगा राहिलो नाही आणि आबांचे हात माणूस धरण्याजोगे राहिले नाहीत, हे त्या दिवशी ओसरीवर त्यांनी ठरवलं होतं, आणि म्हाताऱ्याचं मन राखायला हा खेळ मांडला होता. मित्रांनो, मला एवढा राग आला, काय सांगू! वर एक माणूस पाणी न पिता, बूड न हलवता, श्वास धरून बसलाय, आणि खाली मी ढिगाऱ्यासारखा चिखलात पडलोय. माझं एक टोक खरं आणि दुसरं खोटं. दोन्ही टोकांना काय चाललंय हे एकट्या मलाच माहीत, आणि माझ्याच्याने बोलवत नाही.

मग रूपालीने तीन हिसके दिले. का दिले देव जाणे. कदाचित तिला वाटलं असेल, आबांना थोडं काम केल्यासारखं वाटावं. पण वर आबांचे हात क्षणात कापायचे थांबले. दोन्ही पाय दगडाला टेकले, पाठ ताठ झाली, माझा मनगटाभोवती वेढा पडला आणि आबांनी ओढलं. चार हात दोर सहज वर गेला. पलीकडे काहीच नाही. आबा तसेच थांबले. मग खालून दोन हिसके आले, सोड म्हणून. आबांनी दोन हिसके परत दिले आणि दोर सोडला. त्यांचे हात पुन्हा कापायला लागले, आधीपेक्षा जास्त.

दुपार कलल्यावर सगळे वर आले. रूपाली शेवटी आली, कमरेला माझी गाठ परत बांधून. भूपेश म्हणाला, आबा, तुम्ही होता म्हणून निवांत फिरलो. मयंकने पाण्याची बाटली पुढे केली. आबांनी ती घेतली नाही. त्यांनी रूपालीला जवळ बसवलं आणि आमच्या इकडच्या बोलीत विचारलं.

"पोरी, तू कोठे बठेल व्हती?"

"दिवाणखानामा, आबा." त्या मोठ्या भागाला मंडळात दिवाणखाना म्हणतात.

"नही. तू पहिली खोलीमाच व्हती. मानूस चालस ते दोर दगडवर घसरस. आज तो घसरना नही."

रूपाली रडायला लागली. म्हणाली, आबा, तुमना हात कापस, दोर बी जुना व्हई गया, पण तुमले घर बसाडी ठेवाले आमना जीव नही व्हये. भूपेश मान खाली घालून उभा राहिला. मी वाट बघत होतो, की आता आबा यांची चांगली हजेरी घेतात. माझा पीळ नुसता शिवशिवत होता.

पण आबा म्हणाले, त्यांचा हात कापतो हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत आहे. पोरं खरंच त्या हातावर कोणाला उतरवायला निघाली असती, तर त्यांनीच उतरू दिलं नसतं. म्हणून तर सकाळी रंगीत दोराची गाठ स्वतः तपासली. भार नव्हता, याचं त्यांना बरंच वाटलं. मला मात्र धक्का बसला. म्हणजे आबाही दिवसभर या पोरांवर संशय धरून बसले होते!

"मंग तुमले राग कसाना उना?" रूपालीने विचारलं.

"तीन हिसकाना," आबा म्हणाले. "मन्हा जीव उडी गया ना पोरी. आज तू खोटा हिसका दिधा. उद्या खरा उना, आनी मन्हा हात म्हने, पोर खेयी ऱ्हायनी, ते? माले काम नका देवा, चाली. खोटा हिसका नका देवा."

म्हणजे पोर खेळतेय असं समजून उद्या खऱ्या हिसक्याला हात सैल पडला तर, असं त्यांना म्हणायचं होतं. फुंकणीतून वाफ येत राहिली. रूपालीने डोळे पुसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, आबा, तुम्ही तर एवढ्या वेळा दिवाणखान्यात गेला असाल, तुम्हाला सगळंच माहीत.

"मी?" आबा म्हणाले. "मी कव्हय गऊ? तोंडवरना मानूस मधमा कसा जाई?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. खरंच, आबा आत कधी गेले नव्हते. सुरुवातीला अंग दांडगं म्हणून, मग तोंडावर त्यांच्याशिवाय कोणाचा भरवसा नाही म्हणून, मग वय झालं म्हणून. सगळं आयुष्य गुहेच्या नादात गेलं आणि गुहा बघितली नाही. एवढ्या वर्षांत कोणाच्या मनातही हे आलं नव्हतं.

आबा सांगायला लागले. वर आला की जेठमल त्यांच्याशेजारी बसायचा आणि आत काय आहे ते सांगायचा. तो म्हणायचा, काही नाही रे मगन, कोठीएवढी जागा, चिखल, वटवाघळं. तुझं काही चुकलं नाही. "मी म्हने, मंग तू दर ऐतवारले कसाले जास? तो म्हने, सवय लागनी." एवढं सांगून आबा हसले.

मयंकने तोंड फिरवलं. मी सुद्धा. कारण मला माहीत होतं ना! माझं टोक त्या दिवाणखान्यात किती वेळा पडून राहिलं होतं. महूचं मोठं झाड उभं राहील एवढी उंची, बॅटरीचा उजेड छताला पोचत नाही, एका बाजूला काळ्या दगडाची भिंत पाण्याने लखलखते. जेठमलशेठ तिथे नुसते बसून राहायचे आणि वर येऊन मगनला कोठी सांगायचे. मी तेव्हाही त्यांच्यावर संशय घ्यायचो, की हा माणूस एवढी मोठी गोष्ट एकट्यासाठी दडवतोय.

खाली उतरताना आबा जीपमध्ये डुलक्या घ्यायला लागले, आणि पुढच्या सीटवर या तिघांची कुजबुज सुरू झाली. मयंक म्हणाला, नका सांगू आबांना. जेठमलदादा आता नाहीत, त्यांचा शब्द खोटा कशाला पाडायचा? म्हातारपणी आबांना वाटेल, जिवाभावाच्या माणसाने जन्मभर फसवलं. भूपेशलाही ते पटत होतं. मी श्वास रोखून ऐकत होतो. नेमकी हीच भीती मला होती. आजचा खोटा हिसका आबांनी कसाबसा पचवला. पण जेठमलचं एवढ्या वर्षांचं खोटं? त्यांच्याकडे आता दुसरं उरलंय काय, त्या दोस्तीच्या आठवणीशिवाय?

रूपाली म्हणाली, आताच बोलणी खाल्ली ना आपण? आणि गावात पोचायच्या आधी दुसरं खोटं चालू? आपण सांगायचं नाही. न्यायचं. ते आपले बघतील आणि काय समजायचं ते समजतील.

भिकुबाईंनी आधी सगळ्यांना उभं आडवं घेतलं. एवढी वर्षं बाहेर बसले, आता आत जायची हौस आली का, म्हणाल्या. भूपेश आबांना चिंचपाड्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघे वाकवून बघितले आणि म्हणाले, हात कापतात ते कापू देत, बाकी माणूस ठणठणीत आहे, सांभाळून न्या. तेव्हा भिकुबाई म्हणाल्या, मग मीपण येणार, तोंडावर बसणार.

तो दिवस मी विसरणार नाही. आबांच्या अंगावर पट्टे चढवले; वयाने ते इतके वाळले होते, की फुंकणीचं चिंचोळं तोंड आता त्यांना पुरत होतं. रंगीत दोराने, पुढे भूपेश आणि मागे मयंक, असं त्यांना हळूहळू खाली घेतलं. भार त्या गुळगुळीत दोरावर होता, आणि मी पहिल्यांदाच त्याला मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, आज तरी टिक. माझं एक टोक आबांच्या कमरेला होतं. दुसरं तोंडावर, रूपालीच्या हातात. तिच्या शेजारी भिकुबाई, पदर तोंडाला लावून.

एक हिसका आला. थांब. रूपालीने एक परत दिला. मला कळत होतं, आबा पहिल्या खोलीत उभे आहेत. आजूबाजूला बघतायत. कोठीएवढी जागा, चिखल, छताला वटवाघळं. अगदी जेठमलने सांगितलं तसं. बराच वेळ गेला. मला वाटलं, इथेच थांबावं. इथून परत फिरावं. जेठमलचा शब्द खरा राहील, आबांची आठवण शाबूत राहील, सगळे सुखाने घरी जातील. भिकुबाईंनी रूपालीला विचारलं, काय झालं, दोर का हलत नाही?

मग दोन हिसके आले. सोड.

रूपालीने दोर सोडला. मी सरपटायच्या वाटेने आत जायला लागलो, दगडावर घसरत, खराखुरा. पुन्हा दोन हिसके. पुन्हा. ओढणारा हात कापत होता, पण हिसके स्वच्छ होते. मी आत जात राहिलो, जात राहिलो, आणि शेवटी माझं टोक तेवढं रूपालीच्या मुठीत उरलं. मग काही नाही. आत कोणी हललं नाही. आबा दिवाणखान्यात उभे होते. त्यांच्या कमरेला मी बांधलेला होतो, त्यामुळे त्यांचं पोट कसं हलतंय ते मला समजत होतं. ते रडत होते.

वर आल्यावर त्यांना उजेड सोसेना. भिकुबाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. आबांनी मयंकला हाक मारली. तो येऊन समोर बसला, गुन्हेगारासारखा.

"तुना दादा मन्हासंगे खोटं बोलना," आबा म्हणाले.

मला वाटलं, गेलं सगळं.

"इतलं मोठं शे मधमा, आनी म्हने कोठी!" आबांनी मयंकच्या डोक्यावर हात ठेवला. "तो तोंडवर बठता आनी मी मधमा जातू, ते मी बी त्याले कोठीच सांगतू रे. बाहेर बठेल मानूसना जीव जयाले नको म्हनीसन. पन हिसका त्यानी माले कधी खोटा दिधा नही. एक बी नही."

म्हणजे बाहेर बसलेल्याचा जीव जळू नये, म्हणून ती कोठी! मयंक आबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी तिथेच दगडावर पडलो होतो, आत-बाहेर चिखलाने माखलेला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझा कोणावर संशय नव्हता. थोडा वेळच, पण नव्हता.

आता मंडळाने ठरवलंय, की तोंडावर बसायचं काम पुन्हा सुरू करायचं. भार रंगीत दोरावर, बोलणं माझ्यावर. महिन्यातून एकदा आबा तोंडावर बसतात, बाकीच्या वेळी इतरांना बसायला शिकवतात. पाला रूपाली बदलते. मी तिच्या हाताकडे बारीक लक्ष ठेवून असतो, ही गोष्ट वेगळी.

मित्रांनो, तुमच्याही घरात, गल्लीत, कुठल्या मंडळात असा एखादा माणूस असेल, ज्याने जन्मभर दुसऱ्यांना आत सोडलं आणि जो स्वतः बाहेर बसून राहिला. त्याचं मन राखायला त्याच्या हातात रिकामा दोर देऊ नका. त्याला लगेच कळतं, आणि तो बोलत नाही. त्याला झेपेल तेवढंच काम द्या, पण खरं द्या. आणि एकदा त्याला विचारा, तुम्ही आत गेला होता का? नाही म्हणाला, तर दोन धट्टीकट्टी माणसं बरोबर घ्या, डॉक्टरांना विचारा, आणि त्याला आत नेऊन दाखवा.